परराज्यातून आलेला विद्यार्थी आणि शिष्यवृत्तीचा अर्ज

शेगाव हे मुंबई–नागपूर–हावडा लोहमार्गावरील स्थानक, संत गजानन महाराजांच्या समाधीमुळे देशभर परिचित असलेले तीर्थक्षेत्र आणि १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय चालत आलेले शिक्षणाचे ठिकाण आहे. शिवाय बुलढाणा जिल्ह्याची उत्तर सीमा मध्य प्रदेशाला भिडलेली असल्याने येथील महाविद्यालयांत परराज्यांतून आलेल्या कुटुंबांची मुले दाखल होणे स्वाभाविक आहे. अशा विद्यार्थ्याला शासकीय शिष्यवृत्ती मिळवून देण्यासाठी मदत करणे म्हणजे त्याचा ऑनलाइन फॉर्म भरून देणे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात फॉर्म ही शेवटची पायरी असून, विद्यार्थ्याने कोणत्या राज्याच्या शासनाकडे हक्क सांगायचा, हे आधी ठरवावे लागते.

महाराष्ट्रात हा निर्णय प्रथम अधिवासावर, म्हणजे राज्यातील कायम वास्तव्यावर, अवलंबून असतो. तहसील कार्यालयातून मिळणाऱ्या ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास’ प्रमाणपत्रासाठी सामान्यतः १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. पाचव्या वर्षी आईवडिलांबरोबर शेगावात आलेला मुलगा सतराव्या वर्षी बारावी उत्तीर्ण होतो तेव्हा त्याचे वास्तव्य १२ वर्षांचेच भरते. दहावी-बारावी येथूनच झालेली असली तरी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील ‘जन्मस्थळ’ या रकान्यात परराज्यातील गाव असल्याने त्याची अडचण होते. मात्र वडील किंवा आई यांच्यापैकी एकाकडे महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र असल्यास राज्याच्या सामाईक प्रवेश प्रक्रियेत त्याला महाराष्ट्राचा उमेदवार मानले जाते. म्हणूनच मुलाच्या कागदपत्रांआधी पालकांची कागदपत्रे, म्हणजे जुनी शिधापत्रिका, वीजबिले, नगरपरिषदेच्या कराच्या पावत्या, तपासणे श्रेयस्कर ठरते. आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठीची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनाही अधिवासाचीच अट घालते.

अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, कारण या जातींच्या याद्या राज्यनिहाय आहेत आणि जातीचा दाखला देताना कुटुंब विशिष्ट दिनांकास कोठे राहत होते, हे पाहिले जाते. अनुसूचित जातींसाठी हा दिनांक १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, तर इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हा आहे. आंध्र प्रदेशातून लहानपणी मुंबईत आलेल्या मर्री चंद्रशेखर राव यांच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये असा निर्णय दिला की, मूळ राज्यात अनुसूचित जमातीत मोडणारी व्यक्ती दुसऱ्या राज्यात स्थलांतर केल्यावर तेथील राज्य शासनाच्या सवलतींना आपोआप पात्र होत नाही. दोन्ही राज्यांच्या याद्यांत एकाच नावाची जमात असली तरी एवढ्याने हक्क सिद्ध होत नाही. कोरकू जमातीचे नाव महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही याद्यांत असल्याने सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत या नियमाचा प्रत्यय येऊ शकतो.

वऱ्हाडाच्या इतिहासामुळे या नियमाला आणखी एक पदर लाभला आहे. १९५० मध्ये बुलढाणा जिल्हा आणि आजच्या बऱ्हाणपूर जिल्ह्याचा प्रदेश हे दोन्ही नागपूर राजधानी असलेल्या तत्कालीन मध्य प्रदेश राज्यातच होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने त्यांच्यात राज्याची सीमा आली. तेव्हा छिंदवाडा जिल्ह्यात असलेल्या पांढुर्णा येथून आलेल्या सुधाकर कुंभारे यांच्या प्रकरणात, पुनर्रचनेपूर्वी एकाच राज्यात असलेल्या आणि दोन्ही भागांत मान्यता असलेल्या जमातीचा विचार वेगळ्या रीतीने करावा लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने सुचविले. ज्यांचे आजोबा सीमेपलीकडे होते, अशा कुटुंबांनी जुने शालेय व महसुली अभिलेख जपून ठेवण्याचे महत्त्व यातून कळते.

महाराष्ट्राचा दाखला मिळत नाही म्हणून सर्व मार्ग बंद होतात, असे मात्र नाही. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणासाठीच्या केंद्र पुरस्कृत योजनेच्या, नियमानुसार विद्यार्थी ज्या राज्याचा मूळ रहिवासी असेल त्या राज्याने ही रक्कम द्यावयाची असते, मग तो अन्यत्र शिकत असला तरी चालते; अडीच लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा असलेल्या या योजनेत केंद्राचा वाटा ६० व राज्याचा ४० टक्के असतो. त्यामुळे शेगावात शिकणाऱ्या मध्य प्रदेशातील विद्यार्थ्याला महाराष्ट्राच्या महाडीबीटी प्रणालीऐवजी आपल्या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करून येथील महाविद्यालयाकडून प्रवेशाचा दाखला व शुल्काचा तपशील घ्यावा लागतो. याशिवाय राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरील केंद्रीय योजना पाहाव्या. तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींसाठीच्या ‘प्रगती’ योजनेत वर्षाला ५० हजार रुपये मिळतात.

महाराष्ट्राची पात्रता सिद्ध झालेल्यांसाठी महाडीबीटी, म्हणजे रक्कम थेट बँक खात्यात जमा करणारी राज्याची प्रणाली, हाच मार्ग असतो. अर्ज आधी महाविद्यालयातील शिष्यवृत्ती लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे आणि त्यानंतर संबंधित विभागाकडे जातो. त्रुटी आढळल्यास तो परत येतो व मुदतीत दुरुस्त करावा लागतो. स्थलांतरित कुटुंबांचे अर्ज अडण्याची साधी कारणेही असतात: आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक गावाकडे राहिलेल्या वडिलांजवळ असल्याने ओटीपी मिळत नाही, किंवा बँक खाते आधारशी संलग्न नसल्याने मंजूर रक्कम जमा होत नाही.

स्थलांतरितांची मुले कोणत्या राज्याची, हा प्रश्न अन्यत्रही पडला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०११ च्या कायद्यांद्वारे, तेथील शाळांत ठरावीक वर्षे शिकलेल्या मुलांना इमिग्रेशनची कागदपत्रे नसतानाही राज्याच्या मदतीसाठी अर्ज करण्याची वाट खुली केली आणि केंद्रीय फॉर्मपासून वेगळा अर्ज ठेवला. तेथे शालेय वर्षांना जे वजन दिले गेले, ते आपल्याकडे वास्तव्याच्या वर्षांना आहे.

नियम बदलेपर्यंत शेगावसारख्या ठिकाणी शिक्षक, सेतू केंद्र आणि महाविद्यालयाचा शिष्यवृत्ती विभाग यांनी प्रवेशाच्या गर्दीची वाट न पाहता नववी-दहावीतच विद्यार्थ्याचे जन्मस्थळ, पालकांचे अधिवास आणि मूळ राज्यातील वडिलांचा जातीचा दाखला पडताळणे हाच व्यवहार्य उपाय आहे. कारण परराज्यातील तहसीलमधून जुना कागद मिळविण्यास लागणारा वेळ कोणत्याही अर्जाच्या मुदतीत सहसा बसत नाही.