विश्लेषण : रात्रीचे दीड दोनदा वाजतात तेव्हा… ‘डेलाइट सेव्हिंग’मुळे संगणक का गोंधळतात?

अमेरिकेच्या बहुतांश भागात दर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी रात्रीचे दीड दोनदा वाजतात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी रात्रीचे अडीच वाजतच नाहीत. भिंतीवरचे घड्याळ फिरवले की माणसाचे काम भागते. पण औषधांच्या नोंदी, बँकांचे व्यवहार आणि मोबाइलचे गजर सांभाळणाऱ्या संगणकांसाठी हा एक तास डोकेदुखी ठरतो. भारतात घड्याळ बदलत नसले तरी त्याची झळ इथल्या आयटी क्षेत्रालाही बसते.

हा बदल नेमका काय?

उन्हाळ्यात संध्याकाळचा उजेड जास्त वेळ मिळावा म्हणून अनेक देश घड्याळ तासभर पुढे करतात आणि हिवाळ्याच्या तोंडावर मागे घेतात. अमेरिकेत मार्चमध्ये रात्री २ वाजता थेट ३ वाजतात, तर नोव्हेंबरमध्ये २ वाजता पुन्हा १ वाजतो. युरोपात हा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो.

संगणक वेळ कशी मोजतो?

बहुतेक संगणक प्रणाली १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद उलटले, हे जागतिक प्रमाणवेळेनुसार म्हणजे ‘यूटीसी’नुसार मोजतात. ही मोजणी घड्याळ बदलले तरी अखंड चालू राहते. गोंधळ होतो तो या सेकंदांचे रूपांतर स्थानिक वेळेत करताना. रोज रात्री अडीचला बॅकअप घ्यायची सूचना दिली असेल, तर मार्चमधल्या त्या रात्री अडीच येतच नाहीत. दीडची सूचना असेल, तर नोव्हेंबरमध्ये तेच काम दोनदा होण्याचा धोका असतो. ऑक्टोबर २०१० च्या अखेरीस युरोपात घड्याळे मागे गेली, तेव्हा अनेक आयफोनवरचे रोजचे गजर तासभर उशिरा वाजले होते.

रुग्णालयांना काय अडचण?

समजा, परिचारिकेने १.५० ला औषध दिले आणि त्यानंतर २० मिनिटांनी रक्तदाब तपासला. मधल्या काळात घड्याळ मागे गेल्याने दुसरी नोंद १.१० ची होते. म्हणजे कागदोपत्री तपासणी आधी आणि औषध नंतर! पुढचा डोस कधी द्यायचा, हे याच नोंदींवर ठरते. त्यामुळे अमेरिकेतील काही रुग्णालये त्या तासापुरती संगणकीय नोंद थांबवून कागद-पेन हाती घेतात, असे वृत्त २०१८ मध्ये तेथील माध्यमांनी दिले होते.

नियम ऐन वेळी बदलला तर?

कोणत्या देशाचे घड्याळ कधी बदलते, याची एक सामाईक नोंदवही आहे. तिला ‘टीझेड डेटाबेस’ म्हणतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात ती सुरू केली. अँड्रॉइड, आयफोन आणि लिनक्स तिच्यावरच अवलंबून आहेत. त्यात साऱ्या भारतासाठी ‘एशिया/कोलकाता’ ही एकच नोंद आहे. पुण्यातल्या फोनवरही ‘कोलकाता’ दिसते ते यामुळेच.

सरकारने नियम बदलला की ही नोंदवही बदलते आणि मग अपडेट प्रत्येक फोन व सर्व्हरपर्यंत पोहोचावे लागते. मार्च २०२३ मध्ये लेबनॉन सरकारने घड्याळ पुढे करण्याचा निर्णय जेमतेम दोन दिवस आधी महिनाभर लांबणीवर टाकला. काही संस्थांनी तो मानला, काहींनी नाही. काही फोन पुढे गेले, काही मागेच राहिले. एकाच देशात दोन वेळा चालू झाल्या आणि काही दिवसांतच सरकारला माघार घ्यावी लागली.

भारताशी संबंध काय?

न्यूयॉर्कमधील सकाळी ९ ची बैठक हिंजवडीत उन्हाळ्यात संध्याकाळी ६.३० ला असते, हिवाळ्यात ७.३० ला. पण बैठकीपेक्षा मोठा धोका आपोआप चालणाऱ्या कामांचा असतो. न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्री दिवस संपला की विक्रीचा अहवाल तयार व्हावा म्हणून पुण्यातल्या सर्व्हरवर सकाळी ९.३० ची वेळ लावली, असे समजा. नोव्हेंबरमध्ये घड्याळ बदलल्यावर तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे ११ च वाजलेले असतात. अहवाल वेळेवर निघतो, त्रुटीचा संदेशही येत नाही. फक्त शेवटच्या तासाची विक्री त्यात नसते.

उपाय काय?

घडून गेलेल्या गोष्टींची नोंद यूटीसीमध्ये करावी, म्हणजे त्यांचा क्रम चुकत नाही. भविष्यातल्या गोष्टींना मात्र हे पुरेसे नाही. पुढच्या वर्षीची लंडनमधली ९ ची बैठक यूटीसीत साठवली आणि दरम्यान ब्रिटनने नियम बदलला, तर ती तासभर हुकेल. म्हणून अशा वेळी स्थानिक वेळ आणि शहराचे नाव, दोन्ही साठवावे लागते.

घड्याळबदल बंद करण्याच्या बाजूने युरोपीय संसदेने २०१९ मध्ये मतदान केले, पण अंमलबजावणी झालेली नाही. पुढे ती झालीच, तर तो नवा नियमही प्रत्येक यंत्राला वेळेत कळवावा लागेल. तोवर परदेशातल्या सहकाऱ्याला बैठकीचे निमंत्रण पाठवताना, बैठक ज्या शहराच्या घड्याळाने ठरली आहे तेच शहर कॅलेंडरमध्ये निवडा आणि फोनचे अपडेट टाळू नका.