हृदयजन्य शॉक आणि ज्येष्ठ रुग्ण

म्हणजे काय?
हृदयविकाराच्या झटक्यात कधी कधी हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग निकामी होतो. रक्ताभिसरण ढासळते, मेंदू, मूत्रपिंडे यांना पुरेसे रक्त मिळत नाही.

ओळख
• वरचा रक्तदाब किमान अर्धा तास ९०च्या खाली
• थंडगार, घामेजलेले हातपाय, लघवी कमी
• ज्येष्ठांत अनेकदा छातीत दुखण्याऐवजी धाप, भोवळ, असंबद्ध बोलणे

प्रमाण
झटका आलेल्या १०० पैकी ५ ते १० जणांना. उपचार होऊनही सुमारे ४० ते ५० टक्के दगावतात. वयाबरोबर धोका वाढतो.

महत्त्वाच्या चाचण्या
• १९९९ (‘शॉक’): ३०२ रुग्ण. तातडीच्या अँजिओप्लास्टी किंवा बायपासमुळे सहा महिन्यांतील मृत्यू घटले. पंचाहत्तरी गाठलेल्या ५६ जणांत फायदा दिसला नाही. निवडक ज्येष्ठांच्या नंतरच्या नोंदींत तो दिसला.
• २०१२: ६०० रुग्ण. हृदयाला आधार देणाऱ्या बलून पंपाने ३० दिवसांतील मृत्यू घटले नाहीत.
• २०१७: सुरुवातीला फक्त झटक्यास कारणीभूत धमनी उघडणे अधिक हितकारक.

निर्णय कशावर?
वय हा एकमेव निकष नाही. झटक्यापूर्वीची हालचाल, स्मरणशक्ती, मूत्रपिंडांची स्थिती आणि रुग्णाची इच्छा यांचाही विचार होतो.

तातडीसाठी
महाराष्ट्रात रुग्णवाहिका: १०८.