आकडा आला, पण भरवशाचा आहे का?

वर्धा जिल्ह्यात पॉवरग्रिडचं ७६५/४०० केव्ही उपकेंद्र आहे. रायपूर, सिवनी, निजामाबादकडच्या अतिउच्चदाब वाहिन्या तिथे येऊन मिळतात. देशाच्या ग्रिडमधल्या अशा मोठ्या उपकेंद्रांत पीएमयू नावाची यंत्रं बसवलेली असतात. व्होल्टेज, प्रवाह आणि वारंवारिता मोजून ती दर ४० मिलिसेकंदांना एक, म्हणजे सेकंदाला २५ नोंदी पाठवतात. एकाच यंत्राच्या दिवसाला २१,६०,००० नोंदी!

हा लोंढा साठवणारा डेटाबेस नुसता भरत जात नाही. हिंगणघाटच्या बाजारात कापसाची गाडी आली की आधी ओलावा आणि धाग्याची लांबी पाहतात, भाव मागाहून ठरतो. इथेही प्रत्येक आकड्याची पारख दारातच होते. आकड्यासोबत दोन गोष्टी लागतातच: तो नेमका कधी मोजला आणि त्यावर कितपत विसंबावं. या दुसऱ्या गोष्टीसाठी तीन शिक्के असतात: चांगला, संशयित, खराब.

संशयिताचंच पाहा. पीएमयूचं घड्याळ उपग्रहावरून लावलेलं असतं. तो संपर्क सुटून घड्याळ अवघं ५६ मायक्रोसेकंद सरकलं, तर ५० हर्ट्झच्या लहरीचा कोन एका अंशाने चुकतो. व्होल्टेज अचूक असतं, कोन मात्र फसवा निघतो. म्हणून संपर्क सुटल्याची खूण यंत्र स्वतःच नोंदीवर करून पाठवतं. स्वतःच्या घड्याळाबद्दलची शंका स्वतःहून कळवणारं यंत्र! मला यातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

खराब शिक्क्याचं मोल तर फार मोठं. संपर्काची तार तुटली आणि भाराच्या जागी शून्य लिहिलं गेलं, तर वाहिनी बंद पडली असंच वाटेल. 'भार नाही' आणि 'भार माहीत नाही' यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. डेटाबेस तो जपतो.

मग येतात उशिरा पोचलेल्या नोंदी. वाटेत अडकलेली नोंद शेवटी चिकटवून चालत नाही. ती मोजली गेली त्या क्षणाच्या जागी, आधीच्या आणि नंतरच्या नोंदींच्या मधोमध बसवावी लागते. तीच नोंद दोनदा आली, तर दुसरी वेगळी काढायची.

एवढी काटेकोर शिस्त कशासाठी? ३० जुलै २०१२ रोजी पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी बिना-ग्वाल्हेर ४०० केव्ही वाहिनी ट्रिप झाली. पाठोपाठ काही सेकंदांत आणखी वाहिन्या सुटल्या आणि जवळजवळ अवघा उत्तर भारत अंधारात गेला. अशा वेळी आधी काय तुटलं आणि त्यामुळे पुढे काय कोसळलं, हे शोधायला माणसाची आठवण पुरत नाही. ज्यांची वेळ आणि भरवसा दोन्ही पारखलेले आहेत, अशाच नोंदींवरून कारण सापडतं, आणि कारण सापडलं तरच पुढची पडझड टाळता येते.