उशिरा मिळालेल्या निवृत्ती लाभांवरील व्याज : उपकार नव्हे, हक्क

सेवानिवृत्तीच्या दिवशी कार्यालयात शाल-श्रीफळ मिळते, चार चांगली भाषणे होतात. दुसऱ्या दिवसापासून मात्र हेलपाटे सुरू होतात. बँकेच्या खिडकीवर बसून हे चित्र मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. नालासोपाऱ्याचे एक निवृत्त सरकारी कर्मचारी दर आठवड्याला पासबुक भरून घ्यायला येत. "साहेब, ग्रॅच्युइटी जमा झाली का?" एवढाच त्यांचा प्रश्न असे. रक्कम आली ती अकरा महिन्यांनी. मधल्या काळात मुलीच्या लग्नासाठी त्यांनी दागिने गहाण ठेवून कर्ज काढले व त्याचे व्याज महिन्याच्या महिन्याला भरले. "उशिराबद्दल तुम्ही व्याज मागितलेत का?" असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "पैसे मिळाले हेच पुष्कळ. वर व्याज कोणत्या तोंडाने मागू?"

आपले बहुतेक कर्मचारी असाच विचार करतात. म्हणूनच या विषयाची माहिती समाजबांधवांसमोर ठेवीत आहे.

नियम काय सांगतो?

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू आहेत. त्यातील नियम १२९-अ उपदानाविषयी, म्हणजे ग्रॅच्युइटीविषयी आहे. निवृत्ती किंवा मृत्यूनंतर तीन महिन्यांत उपदान मिळाले नाही आणि विलंब प्रशासनाच्या चुकीने झाला असेल, तर तीन महिन्यांपुढील काळासाठी भविष्य निर्वाह निधीच्या दराने व्याज द्यावे लागते. नियम १२९-ब निवृत्तिवेतन व कुटुंब निवृत्तिवेतनासाठी आहे. तेथे मुदत सहा महिन्यांची आहे. ज्यांच्यामुळे उशीर झाला त्यांची जबाबदारी निश्चित करावी, असेही नियमात आहे.

एक साधा हिशोब पाहू. उपदान १० लाख रुपये, मिळाले ११ महिन्यांनी. पहिले तीन महिने वगळता आठ महिने उरले. दर ७.१ टक्के धरल्यास व्याज सुमारे ४७,३३३ रुपये होते. एवढी रक्कम आपण केवळ संकोचापायी सोडून देतो!

मात्र कर्मचाऱ्याने स्वतःच कागदपत्रे वेळेवर दिली नसतील, तर व्याज मिळत नाही. तात्पुरते उपदान किंवा तात्पुरते निवृत्तिवेतन मंजूर झाले असेल तरी दावा अडतो. विभागीय चौकशी प्रलंबित असल्यास तिचा निकाल लागेपर्यंत उपदानच रोखले जाते.

न्यायालयांची भूमिका

केरळमधील पद्मनाभन नायर १९७३ साली निवृत्त झाले. कोषागाराकडून अंतिम वेतन प्रमाणपत्र वेळेवर न आल्यामुळे त्यांना पैसे मिळाले १९७५ साली. एका कागदासाठी सव्वादोन वर्षे! त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली स्पष्ट केले की निवृत्तिवेतन व उपदान ही सरकारची बक्षिसी नसून कर्मचाऱ्याचा हक्क व मालमत्ता आहे, आणि दोषास्पद विलंबाबद्दल व्याज दिलेच पाहिजे. पुढे २००८ साली हरियाणातील एस. के. दुआ यांच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की नियमात तरतूद नसली तरी संविधानाच्या १४, १९ व २१ या अनुच्छेदांच्या आधारे व्याज मागता येते. रजा रोखीकरणाचा उल्लेख वरील दोन नियमांत नाही. तेथे हा निकाल उपयोगी पडतो.

आपण काय करावे?

१) निवृत्तीच्या दोन वर्षे आधी सेवापुस्तक स्वतः पाहावे. वेतननिश्चितीची पडताळणी, नामनिर्देशन व सुटलेल्या नोंदी तेव्हाच पूर्ण करून घ्याव्यात.

२) प्रत्येक कागद देताना पोच घ्यावी. "उशीर माझ्यामुळे झाला नाही" हे सिद्ध करणारा पुरावा म्हणजे ही पोच.

३) रक्कम मिळाल्यावर निवृत्तीची तारीख, रक्कम जमा झाल्याची तारीख व विलंबाचे महिने लिहून कार्यालयप्रमुखांकडे व्याजाचा लेखी अर्ज करावा.

४) फाइल कोणाच्या टेबलावर किती दिवस होती, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून विचारता येते. २००५ च्या दप्तर दिरंगाई कायद्याप्रमाणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये.

५) दाद न मिळाल्यास राज्य कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. अर्ज नाकारल्यापासून एक वर्षात तेथे जावे. सहा महिने उत्तरच आले नाही, तर त्यापुढे एक वर्षाची मुदत असते. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना व शिक्षकांना उच्च न्यायालयात जावे लागते.

बँका, कारखाने व स्थानिक संस्था यांना २०२५ पर्यंत १९७२ चा उपदान कायदा लागू होता. त्यात मुदत फक्त तीस दिवसांची होती.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचे आईवडील कदाचित अर्ज लिहायला कचरतील. त्यांचे सेवापुस्तक तुम्ही वाचा, तारखा मांडा, अर्ज तुम्ही लिहून द्या. तीस-पस्तीस वर्षांच्या घामाचा पैसा दुसऱ्याच्या दिरंगाईने अडला, तर त्याची भरपाई मागण्यात लाज कसली? मागितल्याशिवाय मात्र ती घरी चालत येत नाही.