पिंपाच्या आधी पोचणारा प्रश्न

१८९७ सालचा ऑगस्ट महिना. जर्मनीतल्या बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन हा तरुण रसायनशास्त्रज्ञ दोन आठवड्यांच्या आत दोन पदार्थ तयार करतो. एक ॲस्पिरिन आणि दुसरं हेरॉईन! युक्ती दोन्हीकडे एकच: मूळ रेणूला ॲसेटिल नावाचा अणूंचा छोटासा गट चिकटवायचा. सॅलिसिलिक आम्लाला तो चिकटला की डोकेदुखीची गोळी तयार. अफूतल्या मॉर्फिनला चिकटला की माणसाला आयुष्यातून उठवणारं व्यसन!

हा गट चिकटवण्यासाठी लागतं ॲसेटिक अनहायड्राइड. रंगहीन द्रव, वास व्हिनेगरसारखा, पण नाकाला झोंबणारा. पॅरासिटामॉल बनवताना ते लागतं, सिगारेटच्या फिल्टरमधला धागा बनवतानाही लागतं. त्याचा व्यापार जगभर राजरोस चालतो. आणि एक किलो हेरॉईन बनवायला हेच रसायन साधारण एक ते अडीच लिटर लागतं.

आता जरा तस्कराच्या बाजूने विचार करा. खसखशीचं शेत दुर्गम डोंगरात लपवता येतं, हेरॉईनची भट्टी एखाद्या झोपडीत लावता येते. पण ॲसेटिक अनहायड्राइड? ते बनवायला चांगला मोठा रसायन कारखाना हवा. तो डोंगरात कुठून येणार? म्हणजे हे रसायन दुरून, सरहद्दी ओलांडून, कागदपत्रांसह प्रवास करतच येणार. मग विषाचा माग काढत डोंगर कशाला पालथे घालायचे? विष बनवण्यासाठी जे लागतं, त्याच्याच वाटेवर उभं राहिलं तर?

ही कल्पना १९८८ साली व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांच्या करारात उतरली. त्याच्या बाराव्या कलमाने अमली पदार्थांच्या जोडीला त्यांच्या कच्च्या मालावरही नजर ठेवायला सुरुवात केली. पहिल्या यादीत १२ रसायनं होती, आज ती संख्या कितीतरी पटींनी वाढली आहे. त्यात एक आपल्या चांगल्या ओळखीचं आहे. विहिरीच्या पाण्यात टाकतात ती जांभळी पूड, पोटॅशियम परमँगनेट! कोकाच्या पानांतून काढलेला गाळ शुद्ध करून कोकेन बनवायला तीच लागते. गावाचं पाणी निर्मळ करणारी पूड दक्षिण अमेरिकेतल्या जंगलात कोकेनही निर्मळ करते, हे कुणाच्या मनात तरी येईल का?

पण इथे पेच आहे. या रसायनांवर बंदी घालायची, तर औषधाचे कारखानेच बंद पडतील. मग प्रामाणिक पिंप कोणतं आणि चोरटं कोणतं, हे ओळखायचं कसं?

उत्तर थक्क करण्याइतकं साधं आहे: माल निघण्याआधी विचारायचं. लग्नाचं स्थळ आलं की वडीलधारी माणसं चौकशी करतात ना, पत्ता खरा आहे का, सांगितलेली नोकरी खरंच आहे का? अगदी तसंच. निर्यातदार देश आयात करणाऱ्या देशाला कळवतो, 'तुमच्याकडच्या अमुक कंपनीने एवढा माल मागवला आहे. कंपनी खरी आहे का? तिला इतका माल लागतो का?' कधी उत्तर येतं की अशी कंपनीच नाही, आणि पिंप जागचं हलण्याआधीच अडतं. ना पाठलाग, ना गोळीबार!

२००६ पासून ही विचारपूस 'पेन ऑनलाइन' या संगणकी यंत्रणेवर चालते. ती चालवतं व्हिएन्नातलं आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळ. मंडळाचे सदस्य फक्त १३, पण दीडशेहून अधिक देशांची सरकारं या यंत्रणेशी जोडलेली आहेत. आपल्याकडून असं रसायन परदेशी पाठवायचं तर ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. कारखाना तारापूरचा असो की महाडचा, नियम तोच.

आणि उत्तर 'आम्हाला एक थेंबही नको' असं आलं तर? अफगाणिस्तानने तसंच कळवलं. जगातली बहुतांश बेकायदा अफू तेव्हा तिथे पिकत होती, पण ॲसेटिक अनहायड्राइड लागेल असा एकही वैध उद्योग तिथे नव्हता. त्या एका उत्तराने केवढं काम सोपं झालं! तिकडे निघालेलं प्रत्येक पिंप आपोआप संशयित ठरलं. जून २००८ मध्ये तर सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १८१७ संमत करून त्या दिशेने जाणाऱ्या अशा रसायनांवर कडक नजर ठेवायला सगळ्या देशांना सांगितलं. युद्ध आणि शांततेचा निवाडा करणाऱ्या सभागृहात औषध कारखान्यातल्या द्रवाची चर्चा झाली, कारण हेरॉईनचा पैसा बंदुका विकत घेत होता.

तस्करही गप्प बसत नाहीत. यादीतलं रसायन मिळेना, तेव्हा त्यांनी यादीबाहेरचं शोधलं. ॲम्फेटामिनसाठी लागणारा एक रेणू ते वेगळ्या रूपात मागवू लागले, म्हणजे आणायचं निरुपद्रवी रसायन आणि भट्टीत त्याचा मुखवटा उतरवायचा. 'अपान' हे असंच एक रसायन, ते २०१४ मध्ये यादीत आलं. ते आलं की पुढचा मुखवटा तयार! यादी कितीही वाढवली तरी ती एक पाऊल मागेच राहते.

म्हणून या व्यवस्थेचं खरं बळ यादीपेक्षा विचारण्याच्या सवयीत आहे. ही सवय एकट्या देशाला लावून घेता येत नाही. एकाने विचारलं आणि दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही, तर पिंप सुटतं. भारत रसायनं आणि औषधं बनवणाऱ्या मोठ्या देशांपैकी एक. म्हणजे जगाच्या वतीने विचारायच्या प्रश्नांतले पुष्कळसे आपल्याच वाट्याला आलेले आहेत, आणि प्रत्येक वेळी ते नेटाने विचारायला हवेत.