भोकरदनची हस्तिदंती बाई आणि रोमची काळी शिळा

जालना म्हटले की एमआयडीसीतल्या लोखंडी सळया आणि बियाण्यांच्या कंपन्या आठवतात. याच जिल्ह्यातले भोकरदन, म्हणजे जुने भोगवर्धन, सातवाहनकाळात नावाजलेले होते. सांचीच्या स्तूपावर तिथल्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्याच जोरावर पॉम्पेईतल्या एका हस्तिदंती मूर्तीबद्दल 'आपली लक्ष्मी रोमला गेली' अशी बढाई मारली जाते, आणि 'रोमची देवी सिबेली म्हणजे आपली रेणुकाच' हे त्यावरचे शेपूट.

बढाईत थोडे तथ्य आहे. 1938 साली इटलीतल्या पॉम्पेईत सुमारे 24 सेंटीमीटरची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ते शहर इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेले, तेव्हा मूर्ती त्याआधीची. पुढे दख्खनातल्याच तेरला आणि 1973च्या उत्खननात भोकरदनलाही त्याच धाटणीच्या मूर्ती मिळाल्या. पॉम्पेईची मूर्ती दख्खनात घडली असावी, असे म्हणण्याला त्यामुळे बळ आले. पण तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षरे आहेत आणि ती लिपी वायव्येकडची, म्हणून छातीठोकपणे काही सांगता येत नाही.

मात्र ती लक्ष्मी नव्हे. गजलक्ष्मीचे हत्ती नाहीत. बाजूला प्रसाधनाचे डबे घेतलेल्या दोन दासी आहेत. डोक्यातून खाली भोक पाडलेले आहे, म्हणजे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावी. अभ्यासक तिला यक्षी म्हणणे पसंत करतात. थोडक्यात, देव्हाऱ्यातली नव्हे, घरातल्या वापराच्या सामानातली.

सिबेलीची गोष्ट निराळी. ही फ्रिजियाची, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातली मातृदेवता. शत्रूचा सेनापती हॅनिबल इटलीत ठाण मांडून बसला असताना, इ.स.पू. 204 मध्ये, रोमने तिची काळी शिळा फ्रिजियातल्या पेसिनसहून आणवली. ती मूर्तीच्या चेहऱ्याच्या जागी बसवलेली होती, असे आर्नोबियस हा लेखक सांगतो. माहूरच्या रेणुकेचा तांदळा आठवणे साहजिक आहे! पण दगडात देव पाहणारे लोक जगभर होते. त्यावरून नाते जोडता येत नाही, आणि दोघींना जोडणारा लेख किंवा नाणे कुणी दाखवलेले नाही.

रोमने सिबेलीला मोकळ्या मनाने स्वीकारले, हेही अर्धसत्यच. इ.स.पू. 191 मध्ये पॅलाटाइन टेकडीवर तिचे देऊळ झाले खरे, पण तिच्या खच्ची झालेल्या पुजाऱ्यांत सामील होण्यास रोमन नागरिकांना बंदी होती.

यापुढे कुणी 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणाले, तर आधी तिच्या दासींच्या हातातले डबे दाखवावेत.