सहावा गठ्ठा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीतले निवृत्त मास्तर एका संध्याकाळी माझ्या फाटकासमोर पडले. कोणत्या तरी दुचाकीचा धक्का लागला होता. खुब्याचे हाड मोडले. लोक धावले तेव्हा त्यांना उचलून बसवत होता तो दूध घालणारा एक पोरगा. त्याची मोटारसायकल शेजारीच आडवी पडली होती. तेवढ्यावरून गल्लीने निकाल देऊन टाकला. चौदाव्या दिवशी त्या पोराची आई माझ्या दारात आली आणि फाटकावरच्या कॅमेऱ्याकडे बोट करून म्हणाली, "दादा, ह्यात समदं दिसत असंल न्हवं? माझं पोरगं उचलायला थांबलं हुतं. तुमी निस्तं बघून सांगा."

मी आत जाऊन रेकॉर्डर लावला. त्यातले सर्वांत जुने चित्र अकरा दिवसांपूर्वीचे होते.

कॅमेरे बसवताना मी चौकशी कमी केली नव्हती. रात्री दिसते का, पावसात टिकतात का, मोबाइलवर बघता येते का, सगळे विचारले होते. चित्रण किती दिवस राहते आणि मग त्याचे काय होते, एवढेच विचारायचे राहिले. बसवणाऱ्याने "एक टीबीची डिस्क टाकलीय, भरपूर होते" म्हटले आणि मी मान डोलावली. याची मला जास्त लाज वाटली, कारण कागद किती दिवस ठेवायचा हा प्रश्न मला नवा नव्हता.

उमेदीची काही वर्षे मी तालुक्याच्या कचेरीत अभिलेख कक्षात हंगामी कारकून होतो. जुनी दप्तरे वाचायचा नाद लागला तो तिथेच. आपल्या सरकारी कचेऱ्यांत ‘सहा गठ्ठा पद्धत’ चालते. टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करायचे. त्यांतला एक अभिलेख कक्षात पाठवायच्या कागदांचा असतो आणि एक नाश करायच्या कागदांचा. शिवाय कागदाला वर्ग असतो. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, असे उतरत ‘ड’ वर्गापर्यंत यायचे. नव्या कारकुनाला पहिल्यांदा शिकवतात ते हेच, की कागद सहाव्या गठ्ठ्यात टाकण्याआधी एकदा वाचायचा.

माझ्या घरातला तो काळा डबा कागद न वाचता सगळेच सहाव्या गठ्ठ्यात टाकत होता. आणि हा नियम मी केलेला नव्हता.

टाकी आणि धार

डिस्क भरली की रेकॉर्डर थांबत नाही. सर्वांत जुने चित्रण पुसून त्याच जागी नवे लिहितो. म्हणून दिवसांचा हिशेब टाकीच्या हिशेबासारखा करता येतो. टाकी केवढी आणि धार किती, एवढे कळले की पुरे.

धार मोजतात ती दर सेकंदाला किती मेगाबिट यावरून. साध्या दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला सेकंदाला २ मेगाबिट धरू. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला अडीच लाख बाइट. दिवसाचे ८६,४०० सेकंद. गुणाकार केला की एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ गिगाबाइट होतात, चार कॅमेऱ्यांचे ८६.४. एक टेराबाइट म्हणजे १००० गिगाबाइट. भागून पाहा, उत्तर साडेअकरा दिवस येते. हे गणित मी त्या बाई येऊन गेल्यावर, त्याच रात्री केले. आधी करायला पाच मिनिटेही लागली नसती.

धार बारीक करायचे उपाय आहेत. २००३ साली आलेल्या एच.२६४ या संकोचन पद्धतीऐवजी २०१३ ची एच.२६५ वापरली, तर तेवढ्याच स्पष्टतेला साधारण निम्मी जागा पुरते. जुन्या रेकॉर्डरांतही ती सोय कधी कधी असते, पण बंद ठेवलेली. सेकंदाला पंचवीस चित्रांऐवजी पंधरा घेतली तरी माणूस ओळखू येतो. तिसरा उपाय, हालचाल झाली तरच लिहायचे. यात जागा खूप वाचते, पण हालचाल कशाला म्हणायचे हे यंत्र ठरवते. फांदीची सावली, पाऊस, कुत्रे यांनी डिस्क भरते आणि अंधारात दूरून आलेला माणूस कधी निसटतो. म्हणून फाटकाच्या कॅमेऱ्याला मी अखंड लेखन ठेवले आणि परसदाराला हालचालीपुरते.

हा विसराळूपणा काही आजचा नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने आणि तिच्या नवऱ्याने १९६६ साली घरासाठी कॅमेऱ्याच्या यंत्रणेच्या पेटंटचा अर्ज केला. ते १९६९ मध्ये मिळाले. तिच्या डोक्यातला मुख्य प्रश्न आत्ताचा होता : रात्री दार वाजले तर बाहेर कोण आहे? चित्र साठवणे तेव्हा घरगुती गोष्टच नव्हती. अँपेक्स कंपनीने १९५६ मध्ये आणलेले चित्रफितीचे यंत्र दूरचित्रवाणी केंद्रांनाच परवडणारे होते. पुढे व्हीएचएस कॅसेट आल्यावर दुकाने आणि बँका कॅमेऱ्याचे चित्र साठवू लागल्या. त्याच त्या कॅसेटी पुन्हा पुन्हा वापरल्या जात आणि चित्र दिवसेंदिवस पुसट होई. आजच्या डिस्कवरचे चित्र शेवटच्या दिवसापर्यंत लख्ख असते आणि मग एकदम नाहीसे होते. त्यामुळे विसरणे जवळ आल्याची चाहूल लागत नाही.

तीन जागा

चित्रण ठेवायला घरगुती माणसापुढे तीन जागा आहेत.

पहिली, कॅमेऱ्यातलेच मेमरी कार्ड. स्वस्त आणि सुटसुटीत. वरच्या हिशेबाने १२८ गिगाबाइटच्या कार्डात एका कॅमेऱ्याचे सहा दिवस जेमतेम मावतात. पण कार्डाची प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच पुसून लिहिता येते. मोबाइलचे साधे कार्ड अखंड लेखनाला लवकर दमते आणि दमल्याचे बोलत नाही. अशा कामासाठी जास्त टिकणारी कार्डे वेगळी मिळतात. आणि चोराने कॅमेरा उपटला, तर साक्षीदारही त्याच्याच पिशवीत जातो.

दुसरी, घरातला रेकॉर्डर. तारेने जुन्या पद्धतीचे चित्र घेणारा डीव्हीआर, नेटवर्कवरच्या कॅमेऱ्यांचा एनव्हीआर. यात डिस्क आपल्या ताब्यात राहते आणि महिन्याचे भाडे नसते. पण डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी केलेली घ्यावी. संगणकातली साधी डिस्क त्या कामासाठी बनवलेली नसते. आपल्याकडे हा डबा बहुतेक घरांत टीव्हीखाली ठेवतात, म्हणजे चोराला शोधावाही लागत नाही. तो कुलपाच्या कपाटात, हवा खेळेल असा ठेवावा. वीज गेली की कॅमेरा आंधळा होतो, तेव्हा छोटा यूपीएस हवाच. आणि घड्याळ तपासावे. माझ्या रेकॉर्डरचे घड्याळ सतरा मिनिटे पुढे निघाले. ‘सहा वाजून दहा मिनिटांनी’ असे त्या चित्रावरून कोणी सांगितले असते, तर ते खोटे ठरले असते.

तिसरी जागा म्हणजे क्लाउड. नावात ढग असला तरी प्रत्यक्षात तो दुसऱ्याच्या इमारतीतला संगणक. चोराचा हात तिथवर पोचत नाही, हा मोठा गुण. पण चार कॅमेऱ्यांची ८ मेगाबिटची धार रात्रंदिवस वर चढवायची, तर महिन्याला जवळजवळ २६०० गिगाबाइट होतात. म्हणून अशा सेवा बहुधा अखंड चित्रणाऐवजी हालचालीचे तुकडेच ठेवतात, तेही योजनेतल्या दिवसांपुरते. वर्गणी चुकली की दप्तरही बंद.

आणि दप्तराची किल्ली कोणाकडे, हाही प्रश्न आहेच. अमेरिकेत ३१ मे २०२३ रोजी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने रिंग या दारावरच्या कॅमेऱ्यांच्या कंपनीवर कारवाई जाहीर केली. कर्मचाऱ्यांना ग्राहकांचे खासगी चित्रण पाहता येत होते, असा आरोप होता. ५८ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटले. क्लाउड घ्यायचाच असेल, तर चित्रण घरातून निघतानाच कुलूपबंद होते का आणि किल्ली फक्त आपल्याकडे राहते का, हे आधी विचारावे.

पुरावा म्हणून

त्या बाईंना चित्रण सापडले असते, तरी पुढचे काम होतेच. आपण अशा वेळी काय करतो? टीव्हीवर चित्र लावतो, मोबाइलने त्याचे चित्रण करतो आणि व्हॉट्सॲपवर पाठवतो. दर टप्प्याला चित्र बिघडते आणि मूळ फाइलीशी त्याचा संबंध तुटतो.

याबाबतचा एक महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्यातून निघालेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत, म्हणजे दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नाही, असा वाद होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीत कॅमेरे होते. त्यांच्या चित्रणाच्या प्रती न्यायालयात आल्या, पण सोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र नव्हते. ते मागूनही मिळाले नव्हते. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले, की मूळ यंत्र हजर न करता प्रत दिली, तर प्रमाणपत्र अनिवार्य. मात्र मागणाऱ्याने सगळे प्रयत्न केले आणि देणाऱ्याने दिले नाही, तर त्याला दोष नाही.

१ जुलै २०२४ पासून पुराव्याच्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या ६३ व्या कलमाखालच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पक्षकाराने भरायचा आणि एक तज्ज्ञाने. त्यात फाइलीचे ‘हॅश’ मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलीचा अंगठ्याचा ठसा. फाइलीतला एक बिट बदलला तरी ठसा बदलतो. म्हणून रेकॉर्डरमधूनच, त्याच्या मूळ स्वरूपात, पेनड्राइव्हवर फाइल उतरवावी आणि त्याच दिवशी ठसा काढून तारखेसह लिहून ठेवावा.

किती दिवस?

२ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांतले चित्रण अठरा महिने ठेवायला सांगितले. तशी यंत्रे मिळत नसतील तर निदान एक वर्ष. माझ्या चार कॅमेऱ्यांना अठरा महिन्यांसाठी सुमारे ४७ टेराबाइट लागतील. कोठडीतल्या माणसाची तक्रार बाहेर यायलाच काळ लागतो, म्हणून तिथे ती मुदत योग्य आहे. घराला मात्र ती लागू पडत नाही.

हे मला शेजारच्या वहिनींनी समजावले. मास्तरांच्या प्रसंगानंतर मी मोठी डिस्क आणली, हे कळल्यावर त्यांनी विचारले, "भाऊजी, आमचं दारही दिसतं ना त्यात? मग मी किती दिवसांची आहे तुमच्याकडे?" मला पटकन उत्तर देता आले नाही.

झेक प्रजासत्ताकातल्या एका गृहस्थाच्या खटल्यात हाच प्रश्न आहे. घरावर हल्ले होत म्हणून त्याने कॅमेरा लावला होता. चित्रण डिस्कवर जाई आणि ती भरली की जुन्यावर नवे लिहिले जाई, अगदी माझ्यासारखेच. २००७ मध्ये कोणी गलोलीने खिडकी फोडली. चित्रणावरून दोन संशयित सापडले. त्यांतल्या एकाने विचारले, की रस्त्यावरच्या माझे चित्र घ्यायचा अधिकार याला कोणी दिला? ११ डिसेंबर २०१४ रोजी युरोपीय न्यायालयाने म्हटले, की कॅमेरा सार्वजनिक रस्ता पाहत असेल, तर ती निव्वळ घरगुती बाब राहत नाही. घराचे रक्षण हे रास्त कारण असू शकते, पण माहिती संरक्षणाचा कायदा लागू होतो. युरोपच्या माहिती संरक्षण मंडळाच्या मार्गदर्शनानुसार चित्रण जितके जास्त काळ, विशेषतः ७२ तासांपलीकडे, ठेवायचे, तितके त्याचे कारण भक्कम हवे. आपल्या २०२३ च्या कायद्याने व्यक्तीच्या घरगुती वापराला सूट दिली आहे. पण सूट असली म्हणून वहिनींचा प्रश्न संपत नाही.

शेवटी मी ठरवले ते असे. चार टेराबाइटच्या डिस्कवर माझ्या धारेने सेहेचाळीस दिवस मावतात, पण रेकॉर्डरमध्ये मुदत तीस दिवसांचीच घातली. एकतिसाव्या दिवशी जागा असली तरी पुसले जाते. फाटकाचा कॅमेरा थोडा खाली वळवला आणि वहिनींच्या दारावर रेकॉर्डरमधूनच काळी पट्टी टाकली. क्लाउडवर फक्त फाटकाच्या हालचालींचे तुकडे जातात, तेही घरातूनच कुलूपबंद होऊन, सात दिवसांसाठी. आणि गल्लीत काही घडले, कोणी पडले, भांडले, काही चोरीला गेले, तर कोणी मागण्याची वाट न पाहता त्याच रात्री तेवढा तास वेगळा काढून ठेवतो. कचेरीच्या भाषेत, तो कागद सहाव्या गठ्ठ्यातून उचलून अभिलेखाच्या गठ्ठ्यात ठेवतो. वहीत तारीख, वेळ आणि ठसा लिहितो. प्रकरण मिटले की तोही पुसतो.

मास्तरांचे प्रकरण आपसात मिटले. दवाखान्याचा निम्मा खर्च त्या पोराच्या घरच्यांनी दिला. गल्लीतली दुधाची घरे त्याच्याकडून गेली. धक्का त्याने दिला होता की नाही, हे मला सांगता येणार नाही, आणि आता कोणालाच सांगता येणार नाही. मास्तर काठी घेऊन फिरतात. त्या बाई बाजारात भेटल्या की आजही "बरं हाय न्हवं, दादा?" म्हणतात. कॅमेऱ्याचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.